खासगी मातीचे बांध : मालकी एकाची, जोखीम दुसऱ्याची

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना, जायकवाडी किंवा भाटघर उभे राहते. दगडी किंवा मातीची प्रचंड भिंत, लोखंडी दरवाजे, अभियंत्यांची वसाहत आणि पावसाळ्यात दररोज वृत्तपत्रांत छापून येणारी पाणीसाठ्याची टक्केवारी, असे ते चित्र असते. परंतु देशात पाणी अडविणाऱ्या बांधांपैकी बहुसंख्य बांध या चित्रात बसणारे नाहीत. एखाद्या ओढ्यावर घातलेला सात-आठ मीटर उंचीचा मातीचा भराव, बाजूला खोदलेला सांडवा, तळाशी बसविलेला एक नळ, एवढाच त्यांचा संसार असतो. त्यांची नावे नकाशात नसतात आणि पुष्कळदा त्यांचे आराखडेही कोणाजवळ नसतात. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेत देशात २४ लाख २४ हजारांहून अधिक जलसाठे आढळले. त्यांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक खासगी मालकीचे होते. अर्थात यांतील पुष्कळ म्हणजे जमिनीत खोदलेली साधी तळी आहेत. प्रत्येक तळ्याला बांध नसतो आणि प्रत्येक बांधाखाली वस्तीही नसते. तथापि जेथे मातीचा बांध आहे, त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलेले आहे आणि खालच्या अंगाला माणसे राहतात, तेथे एक प्रश्न विचारावाच लागतो : या बांधाची काळजी घेणे नेमके कोणाच्या हिताचे आहे?

प्रश्न वरवर पाहता अभियांत्रिकीचा वाटतो. वस्तुतः तो मुख्यतः अर्थशास्त्राचा आहे. मातीचा बांध सुरक्षित कसा ठेवावा हे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत माणसाला पुरेसे समजलेले आहे. ते करण्याचा खर्च कोणी सोसायचा आणि न केल्याची किंमत कोणी मोजायची, हे मात्र आपण अजून ठरविलेले नाही.

कायद्याची रेषा

संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा संमत केला. राष्ट्रीय व राज्य पातळीवर सुरक्षेची यंत्रणा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी, देखभालीसाठी निधीची तरतूद आणि हयगयीबद्दल शिक्षा, अशा अनेक स्वागतार्ह गोष्टी या कायद्यात आहेत. मालक म्हणजे केवळ शासन नव्हे, कंपनी किंवा व्यक्तीही मालक असू शकते, हेही त्यात मान्य केलेले आहे. परंतु कायदा लागू होतो तो 'विनिर्दिष्ट' धरणांना. म्हणजे १५ मीटरपेक्षा अधिक उंचीच्या सर्व धरणांना, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर आहे, अथवा ज्यांच्या पायात विशेष अडचण किंवा रचनेत वेगळेपणा आहे अशांना. दहा मीटरपेक्षा कमी उंचीचे सारे बांध या कक्षेबाहेर राहतात.

कोठे तरी रेषा आखावी लागते, हे मान्य केलेच पाहिजे. लाखो बांधांची पाहणी करण्याइतके अभियंते कोणत्याच शासनाजवळ नसतात. मात्र ही रेषा बांधाचे आकारमान पाहून आखलेली आहे, बांधाखाली कोण राहते ते पाहून नव्हे. पाच हेक्टर पसरलेल्या आणि सरासरी चार मीटर खोल असलेल्या तलावात दोन लाख घनमीटर, म्हणजेच दोन लाख टन पाणी असते. हा तलाव निर्जन माळावर असेल तर बांध फुटल्याने मालकाचे पाणी जाईल, फार तर चार शेतांतील माती जाईल. तोच तलाव वाडीच्या माथ्यावर असेल तर? कायद्याच्या दृष्टीने दोन्ही तलाव सारखेच लहान आहेत. वाडीत झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने ते सारखे नाहीत.

एका महाविद्यालयाचे तळे

हा भेद किती जीवघेणा ठरू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील टोकोआ या गावी घडले. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांनी ते विशेष लक्षात ठेवावे असे आहे, कारण तेथील बांधाचे मालक एक महाविद्यालय होते. ओढ्यावर १८९९ च्या सुमारास वीजनिर्मितीसाठी दगड व लाकडाचा एक बांध घालण्यात आला. पुढे टोकोआ फॉल्स येथील धार्मिक शिक्षणसंस्थेने तो घेतला, १९३७ मध्ये त्यावर मातीचा भराव घातला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची उंची आणखी वाढविली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद पडली. तेव्हापासून तळे केवळ विहारासाठी उरले. बांधातून उत्पन्न येईनासे झाले, पण त्यामागचे पाणी मात्र तसेच राहिले. भरावाचा खालचा उतार फार उभा होता. त्यावर झाडे वाढली. १९७३ मध्ये त्या उताराचा काही भाग घसरला. तो बांधाचा उघड इशारा होता. त्यानंतर चार वर्षांनी, ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, अतिवृष्टीत केली बार्न्स नावाचा हा बांध फुटला. खाली महाविद्यालयाचे आवार होते. वसतिगृहातील विद्यार्थी, कर्मचारी आणि त्यांची मुलेबाळे मिळून ३९ जण मृत्युमुखी पडले.

चौकशी समितीला बांधाचे आराखडे मिळाले नाहीत. फुटण्याचे एकच निश्चित कारणही सांगता आले नाही. उभा उतार घसरला असावा आणि आतून माती वाहून जाण्याची क्रिया त्याला साह्यभूत झाली असावी, असा तिचा निष्कर्ष होता. या बांधाची उंची सुमारे साडेअकरा मीटर, लांबी सुमारे १२० मीटर आणि फुटण्याच्या क्षणीचा साठा अंदाजे पावणेआठ लाख घनमीटर होता. आता हे आकडे आपल्या २०२१ च्या कायद्याशी ताडून पाहा. उंची दहा ते पंधरा मीटरच्या दरम्यान आहे, पण लांबी पाचशे मीटर नाही, साठा दहा लाख घनमीटर नाही आणि एवढ्याशा ओढ्याच्या बाबतीत सेकंदाला दोन हजार घनमीटर विसर्गाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. भरावाच्या पोटात जुना दगडी-लाकडी बांध होता, या वेगळेपणावर बोट ठेवून तो कदाचित कायद्यात बसविता आला असता. परंतु त्यासाठी आत काय आहे हे कोणी तरी आधी पाहिलेले असावयास हवे होते. सारांश, ३९ माणसांचा बळी घेणारा हा बांध आपल्या कायद्याच्या जाळ्यातून बहुधा सहज निसटला असता.

या घटनेतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. खासगी मालक लोभी असतो म्हणून बांध फुटतात, हे सुटसुटीत उत्तर येथे लागू पडत नाही. मालकाची स्वतःची माणसे बांधाखाली झोपत होती. नफ्यासाठी कोणी त्यांचा जीव धोक्यात घातला नव्हता. उणीव होती ती पाहण्याच्या व्यवस्थेची. उतार घसरला म्हणजे काय समजावे, कोणाला कळवावे, खर्च कोणत्या खात्यातून करावा, या प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या कारभारात कोठेच नव्हती. अमेरिकेत खासगी व स्थानिक धरणांच्या तपासणीचा कायदा १९७२ मध्येच झाला होता, पण त्यासाठी पैशाची पुरेशी तरतूद नव्हती. ती टोकोआनंतर झाली. पुढच्या तीन-चार वर्षांत सुमारे ८,८०० धरणे तपासली गेली आणि त्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश असुरक्षित ठरली. तपासणी होण्यापूर्वीही ती असुरक्षितच होती. फरक इतकाच की ते कोणाला ठाऊक नव्हते.

मातीचा बांध कसा मरतो

मातीचा बांध एकाएकी फुटला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो बहुधा पुष्कळ दिवस फुटत असतो. त्याच्या मृत्यूचे प्रकार मुख्यतः तीन आहेत. पहिला, माथ्यावरून पाणी वाहणे. दगडी भिंतीवरून पाणी गेले तर ती काही काळ तग धरू शकते, मातीचा भराव धरू शकत नाही. पाणी खालच्या उताराची माती खरवडत माथ्यापर्यंत पोहोचते आणि काही तासांत खिंडार पडते. दुसरा, आतून पोखरले जाणे. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच आणि तो नितळ असेपर्यंत भीती नसते. पाझराचे पाणी गढूळ दिसू लागले की समजावे, पाण्याबरोबर बांधाची मातीही बाहेर पडत आहे. तिसरा, उतार घसरणे. माथ्यावर लांबीच्या दिशेने पडलेली भेग आणि पायथ्याशी आलेला फुगवटा ही त्याची पूर्वचिन्हे होत. फुटलेल्या मातीच्या धरणांपैकी निम्म्याच्या आसपास पहिल्या प्रकाराने गेली असून उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या प्रकाराने गेली आहेत.

यावर करावयाची देखभाल अगदी साधी आहे. सांडवा मोकळा ठेवणे, त्यात गाळ, झुडपे किंवा मासे अडविण्याच्या जाळ्या राहू न देणे. माथा खचला असेल तेथे भर घालून तो सारख्या पातळीत आणणे. भरावावर गवत असावे, झाडे असू नयेत. झाडाची मुळे कुजली की त्यांच्या जागी पाण्याला आयत्या वाटा मिळतात आणि मोठे झाड उन्मळले तर भरावाचा लचका घेऊनच पडते. उंदीर, घुशी आणि खेकडे यांची बिळे वेळीच बुजविणे. तळाचा नळ व त्याची झडप वर्षातून एकदा तरी चालवून पाहणे, कारण संकटात तलाव उतरविण्याचा तोच एक मार्ग असतो. आणि पावसाळ्यात पाझराचे पाणी किती आहे व कसे आहे, हे आठवड्यातून एकदा वहीत लिहून ठेवणे. यांपैकी बहुतेक कामांना फावडे, घमेले, कोयता आणि सवय यांपलीकडे काही लागत नाही.

मग ती होत का नाहीत? कारण देखभालीचे फळ अदृश्य असते. सांडवा साफ केला म्हणून जो बांध फुटला नाही, त्याचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. त्या वर्षीच्या हिशेबात दिसतो तो केवळ खर्च. कारखान्यातील यंत्राचा घसारा मालक हिशेबात धरतो, कारण यंत्र बंद पडले तर त्याचे स्वतःचे उत्पादन थांबते. बांधाचा घसारा कोणी धरत नाही, कारण तो फुटला तर सर्वांत मोठे नुकसान दुसऱ्याचे होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यालाच बाह्य परिणाम म्हणतात : व्यवहारात नसलेल्या तिऱ्हाइताच्या माथी येणारी किंमत.

नाकारलेला सौदा

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये असे प्रतिपादन केले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना फारसा खर्च येत नसेल, तर ज्याच्यामुळे त्रास होतो तो आणि ज्याला त्रास होतो तो, असे दोघे आपसांत सौदा करून मार्ग काढू शकतात. बांधाच्या बाबतीत हा सौदा एकदा खरोखरच पुढे आला होता. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क येथील मातीचे धरण मुळात सरकारने कालव्यासाठी बांधले व १८५३ मध्ये पूर्ण केले. रेल्वे आली, कालवा निरुपयोगी ठरला आणि धरण खासगी हातांत गेले. मधल्या एका मालकाने तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी व शिकार मंडळाकडे आले. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक हे उद्योगपती या मंडळाचे सभासद होते. मंडळाने दुरुस्ती केली, पण काढलेले नळ परत बसविले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या लावल्या.

धरणाच्या खाली सुमारे २२ किलोमीटरवर जॉन्सटाउन हे पोलादाचे शहर होते. तेथील केंब्रिया लोखंड कंपनीने १८८० मध्ये आपला अभियंता पाठवून पाहणी करविली. तलाव उतरविण्यासाठी नळ नाही आणि बांधातून गळती आहे, असे दोन दोष त्याने दाखविले. कंपनीने केवळ तक्रार केली नाही, तर दुरुस्तीच्या खर्चात आपला वाटा उचलण्याची तयारीही दाखविली. मंडळाच्या प्रमुखांनी कोणताही धोका नसल्याचा निर्वाळा देऊन ती नाकारली. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि २,२०९ माणसे प्राणास मुकली. न्यायालयाने मंडळाकडून मृतांच्या वारसांना काहीही देवविले नाही.

साउथ फोर्कचे धरण २२ मीटर उंचीचे होते, त्याला लहान म्हणता येणार नाही. परंतु त्यातील धडा लहान बांधांना अधिकच लागू पडतो. तेथे खाली एक धनाढ्य कंपनी होती, तिच्याजवळ अभियंता होता, पैसा होता आणि पत्र लिहिण्याची ऐपत होती. तरीही मालकाने 'नाही' म्हणताच विषय संपला. आपल्याकडील वाडीत राहणाऱ्या शेतमजुराने वरच्या तलावाच्या मालकाशी कोणता सौदा करावा? ज्याच्या शेतावर तो रोजगाराला जातो, त्याच्याच बांधाविषयी तो तक्रार कोणाकडे आणि कोणत्या बळावर करणार?

न्यायालय पाण्यानंतर येते

उत्तर म्हणून कायदा नुकसानभरपाईकडे बोट दाखवितो. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात एका गिरणीमालकाच्या खासगी तलावाचे पाणी जुन्या खाणकामाच्या पोकळ्यांतून शेजाऱ्याच्या खाणीत घुसले. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या दाव्यात १८६८ मध्ये असे तत्त्व प्रस्थापित झाले की, निसटल्यास घातक ठरेल अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर साठवितो, त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर साठवावी. त्याची हयगय सिद्ध होण्याचे कारण नाही. हे तत्त्व हिंदुस्थानातील तलावांना लागू करण्याचा प्रसंग लवकरच आला. मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचे नुकसान झाले. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जमीनदाराला दोषमुक्त ठरविले. या देशात तलाव राखणे हा जमीनदाराचा केवळ हक्क नसून परंपरेने आलेले कर्तव्य आहे, लोकांचे जीवन त्यावर अवलंबून आहे, आणि त्याची हयगय सिद्ध झालेली नाही, असा तो निर्णय होता.

दोन्ही निवाड्यांमागे विचार आहे. एक म्हणतो, संकट साठविणाऱ्याने त्याची किंमत द्यावी. दुसरा म्हणतो, लोकोपयोगी तलाव राखणाऱ्याला प्रत्येक दैवी आपत्तीसाठी वेठीस धरले तर तलाव राखणारच कोण? परंतु दोन्ही निवाडे पाणी वाहून गेल्यानंतरचे आहेत. शिवाय भरपाई देववली तरी ती वसूल व्हावयास मालकाजवळ तेवढी मालमत्ता असावी लागते. दहा एकरांच्या धन्याकडून वाहून गेलेल्या वाडीची किंमत कशी वसूल होणार? म्हणून नंतरच्या दाव्यापेक्षा आधीची पाहणी ही गरिबाची खरी कायदेशीर मदत होय.

मालगुजारी तलावांचा अनुभव

या कर्तव्याचा एक जिवंत नमुना आपल्याच राज्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील हजारो मालगुजारी तलाव हे मातीच्या बांधांचे तलाव होत. कोहळी समाजाच्या कसबातून त्यांपैकी पुष्कळ उभे राहिले. ते मालगुजाराच्या ताब्यात असत, परंतु त्यांच्या पाण्यावर गावच्या धानाचे पीक अवलंबून असे. बांध खचला तर मालगुजाराचे स्वतःचे धान वाळे, त्याच्या कुळांचेही वाळे आणि वसूलही बुडे. पाण्यावर हक्क असणारेच बांधावर माती टाकावयास येत. म्हणजे मालकी, लाभ, जोखीम आणि श्रम ही चारही एकाच गावाच्या शिवारात नांदत होती. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणण्याचे कारण नाही. मालगुजारीतील विषमता सर्वज्ञात आहे आणि १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ती संपली हे योग्यच झाले. परंतु तलाव शासनाकडे आले तेव्हा मालकी तेवढी हलली, देखभालीची साखळी मात्र तुटली. पुढील दशकांत कित्येक तलाव गाळाने भरले आणि बांध दुबळे झाले.

यावरून खासगी मालकी चांगली व सरकारी वाईट, असा निष्कर्ष काढणारे घाई करतात. त्याच्या उलटही खरे नाही. टाटांची लोणावळा, वळवण, शिरवटा व मुळशी येथील दगडी धरणे खासगी असून शतकभराची झाली, कारण त्यांच्या मागच्या पाण्यावर वीज आणि विजेवर उत्पन्न अवलंबून आहे. उलट रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण शासनाचे होते. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. तरी २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि पायथ्याची वस्ती वाहून जाऊन सुमारे वीस माणसे दगावली. धरण खेकड्यांनी पोखरल्याचे विधान तेव्हा एका मंत्र्यांनी केले आणि त्याची बरीच थट्टा झाली. थट्टेत एक मुद्दा बुडाला. खेकडे बांध पोखरू शकतात, हे खरेच आहे. म्हणूनच तर बिळे बुजविण्यासाठी माणूस नेमावयाचा असतो. जे कारण म्हणून सांगितले गेले, ती वास्तविक हयगयीची कबुली होती.

तात्पर्य, बांध टिकतो तो मालकाच्या जातकुळीवर नव्हे. ज्याला तो राखावयाचा आहे त्याला त्याचा लाभ मिळतो का, आणि ज्याला धोका आहे त्याचा आवाज ऐकला जातो का, या दोन गोष्टींवर तो टिकतो.

काय करता येईल

पहिली गोष्ट, रेषा बदलली पाहिजे. बांधाची उंची व साठा यांबरोबर त्याखालील वस्ती ही कसोटी धरावी. अमेरिकेत धरणाच्या धोक्याची वर्गवारी करताना, ते फुटल्यास मनुष्यहानी संभवते काय, हा प्रश्न आधी विचारतात. इंग्लंडमध्येही २०१० च्या कायद्याने याच दिशेने पाऊल टाकले. लहान बांधांपैकी ज्यांच्या खाली वस्ती, शाळा किंवा रहदारीचा रस्ता आहे, एवढेच निवडले तर संख्या आवाक्यात येईल आणि मोजके अभियंते योग्य जागी पोहोचतील.

दुसरी गोष्ट, अशा बांधाची नोंद जमिनीच्या कागदावर व्हावी. सातबाराच्या उताऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा चढतो, तसा बांध राखण्याच्या जबाबदारीचाही चढावा. जमीन विकली गेली, वाटणी झाली किंवा वारसांची नावे लागली, तरी जबाबदारी जमिनीबरोबर जाईल. साउथ फोर्कला नळ विकणारा मालक वेगळा आणि धरण फुटताना असलेले मालक वेगळे होते. कागद बोलका असता तर नव्या मालकाला तरी आपण काय विकत घेत आहोत हे कळले असते.

तिसरी गोष्ट, वर्षातून दोनदा पाहणी. एक मे महिन्यात आणि दुसरी पहिल्या मोठ्या पावसानंतर. ठराविक दहा-बारा प्रश्नांचा एक कागद असावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, म्हणजे खालच्या वाडीला तो वाचता येईल. तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांना जवळपासचे बांध वाटून द्यावेत. विद्यार्थ्याला पुस्तकातला पाझर प्रत्यक्ष पाहावयास मिळेल आणि गावाला एक जाणता डोळा मिळेल. अर्थात विद्यार्थ्याच्या पाहणीने अभियंत्याचा निर्णय भागत नाही. संशयास्पद बांध त्याने दाखवून द्यावा, पुढील निर्णय अधिकारी व्यक्तीने घ्यावा.

चौथी गोष्ट, पैसा. ज्या लहान मालकाला दुरुस्ती झेपत नाही, त्याच्यावर केवळ नोटीस बजावून बांध मजबूत होत नाही. बांधापासून विहिरींना पाझर मिळत असेल तर लाभ अनेकांचा आहे, तेव्हा खर्चातही त्यांचा वाटा असावा, आणि उरलेला भार सार्वजनिक निधीने उचलावा. बांध बांधण्यासाठी अनुदान मिळते आणि राखण्यासाठी मिळत नाही, अशी व्यवस्था असेल तर नवे बांध वाढतील आणि जुने कुजतील. उद्‌घाटनाला नारळ फुटतो, दुरुस्तीला फुटत नाही, हा आपल्या सार्वजनिक खर्चाचा जुनाच दोष आहे.

पाचवी गोष्ट कटू असली तरी बोलली पाहिजे. ज्या बांधाचा उपयोग संपला आहे आणि जो राखावयास कोणी तयार नाही, तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली उन्हाळ्यात रीतसर मोकळा करावा. टोकोआचे तळे वीजनिर्मिती थांबल्यावर वीस वर्षे भरलेलेच राहिले. बेवारस बांधाला पाणी धरून ठेवण्याचा अधिकार नसावा.

हे सारे खर्चाचे आहे असा आक्षेप येईल. परंतु खर्च टळत नाही, केवळ त्याचे नाव बदलते. सांडव्यातील झुडपे काढण्याची मजुरी वाचविली, तर ती बचत मालकाच्या खात्यात जमा होते आणि नावे पडते ती बांधाखालच्या माणसाच्या खात्यावर. तो माणूस हिशेबाच्या वेळी हजर नसतो, त्याची सही कोणी घेतलेली नसते आणि पुष्कळदा आपल्या नावावर असे काही कर्ज चढत आहे हे त्याला ठाऊकही नसते. त्याला हे सांगणे आणि त्याचे नाव हिशेबात धरणे, एवढेच पहिले काम आहे. मे महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. तेव्हा तलाव तळाला गेलेला असतो, भेगा उघड्या दिसतात आणि माती उचलावयास माणसेही मिळतात. जूनमध्ये पाहणी करणारा पाऊस असतो आणि त्याचा अहवाल कोणालाही बदलता येत नाही.